वाळूतला केक

“अहो, दमानं. सिमिट न्हाई ते.”

दबोराचं बोलणं कानावर पडेपर्यंत येशुदासनं पळी गरागरा तीनदा फिरवून टाकली होती. वीस मिनिटं हात मोडेस्तोवर फेटून अंड्याच्या पांढऱ्याचा त्यानं घट्ट फेस काढला होता. त्यातला वाटीभर फेस पिठात पडला आणि बघता बघता बसला.

“सिमिट असतं तर कवाच झालं असतं,” तो पुटपुटला.

दिवसभर केडगाव स्टेशनाजवळच्या एका बांधकामावर प्लास्टर करून तो पाचला घरी आला होता. हातपाय धुतले आणि चहासुद्धा न घेता ओट्याशी उभा राहिला. दबोरा शेजारी खुर्चीत बसून सांगत होती. आठ महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून तिचा उजवा हात मांडीवर नुसता पडून असायचा. सांगण्याशिवाय तिला दुसरं काही करता येत नव्हतं, आणि सांगायचाही आता कंटाळा आला होता.

केक उद्याचा होता. चर्चमध्ये पाळकसाहेबांचा निरोपसमारंभ होता. बावीस वर्षं मंडळीत लग्न असो की बाप्तिस्मा, केक दबोराचा. परवा महिला मंडळाच्या सविताबाई आल्या आणि गोड बोलून गेल्या, “तुम्हाला आता कशाला त्रास? दौंडच्या बेकरीतून आणू की.” तो ‘त्रास’ दबोराला असा काही झोंबला, की ती म्हणून बसली, “केक माझाच येईल.” ती बोलून मोकळी झाली, आणि राबायला लागला हा माणूस.

“ऱ्हायलेला फेस टाकू का नको?” येशुदासनं विचारलं.

“थांबा जरा.”

हातानं केलेलं काम तोंडानं सांगायचं म्हणजे जिवावर येतं. तिला तरी हे कुणी सांगितलं होतं? आईच्या हाताकडं बघून तिनं उचललं होतं. तिनं नवऱ्याच्या हाताकडं बघितलं. बोटांच्या भेगांत धुऊनही न गेलेलं सिमेंट होतं.

“तुम्ही वाळू आन् सिमिट कोरडं कालवता, तवा फावडं कुठनं घालता?”

“खालनं.”

“मग?”

“वर आणायचं आन् पालथं करायचं. नुसतं ढवळलं तर वाळू एकीकडं न् सिमिट एकीकडं.” बोलता बोलता तो थांबला. “आसं व्हय. मग आधी न्हाई का सांगायचं?”

त्यानं उरलेला फेस पिठात ओतला, पळी कडेनं तळाशी घातली, खालचं पीठ उचललं आणि फेसावर अलगद पालथं केलं. भांडं थोडं फिरवलं. पुन्हा खालून वर. पांढरे पट्टे हळूहळू पिवळ्यात मुरत गेले, पण पीठ बसलं नाही, फुगीरच राहिलं. दबोरा बघत होती. तिचंच काम तिच्याच घरात चाललं होतं आणि तिच्यापेक्षा वाईट चाललं नव्हतं. तिला बरं वाटलं आणि रडूही आलं.

ओव्हन त्यांच्याकडे कधीच नव्हता. मोठ्या पातेल्यात वाळू तापवायची, तीत केकचा डबा गळ्यापर्यंत रोवायचा आणि वर झाकण, ही तिच्या आईची रीत. या रीतीत जाच एवढाच, की केक झाला की डबा लगेच बाहेर काढावा लागतो. गॅस बंद केला तरी वाळूची धग उतरत नाही, आणि केक खालून करपतो.

“झाला की हाक मार, काढतो,” डबा वाळूत रोवून येशुदास म्हणाला आणि भिंतीला पाठ लावून खाली बसला. दोन मिनिटांत त्याची मान कलली.

पाऊण तासानं वास सुटला. दबोरानं डाव्या हातानं झाकण सरकवलं आणि काडी खुपसून बघितली. काडी कोरडी आली. केक वर सुरेख फुगला होता, कुठं चीर नाही. तिनं गॅस बंद केला. फडकं घेऊन डब्याची कड एका हातानं ओढली, तर डबा तिरपा झाला आणि वाळू आत सांडायला आली. तिनं तो सोडून दिला. खिडकीतून शेजारच्या जस्मिनला हाक मारली, पण तिच्या दाराला कुलूप होतं. आसपासची सगळी माणसं चर्च सजवायला गेली होती.

काठी टेकत ती येशुदासपाशी आली. पहाटे पाचला उठून यानं स्वयंपाक केला होता, तिला आंघोळ घातली होती, वेणीसुद्धा घातली होती. आठ महिने हेच. आत्ता त्याचं तोंड उघडं पडलं होतं आणि मांडीवरच्या हातांवर पीठ वाळलं होतं. इतका गाढ झोपलेला तिनं त्याला या आठ महिन्यांत बघितला नव्हता. तिनं खांद्याला हात लावला, तसा तो डोळे न उघडताच म्हणाला,

“झाला का?”

दबोरानं पातेल्याकडं बघितलं. सविताबाई काय म्हणतील, तेही तिला ऐकू आलं.

“न्हाई अजून,” ती म्हणाली. “निजा तुम्ही.”

मग भिंतीचा आधार घेत ती त्याच्या शेजारी टेकली, आणि केक खालून लागल्याचा वास कधी येतो त्याची वाट बघत बसली.