जास्तीचे मीटर

"विमान उडवायचंय का मला?" बोनेटवर मांडलेले तीन मीटर बघून उस्तादांनी विचारलं. "भाजी आणायला जाते ही गाडी. फार तर तुझ्या आत्याकडे."

"मग भाजीच्या गाडीला सुपरचार्जर कोणी बसवला?" लेक म्हणाली.

बसवला होता उस्तादांनीच. इंजिनात जबरदस्तीने जास्तीची हवा कोंबणारा तो पंप त्यांनी बायकोचा अबोला पत्करून बसवला होता. लेक त्यांच्याच गॅरेजात, त्यांच्याच हाताखाली तयार झालेली, त्यामुळे हट्टात तीही कुठे कमी नव्हती.

"एक हवेचा दाब दाखवेल, एक ऑइलचा, एक हवा-पेट्रोलचं प्रमाण," ती म्हणाली. "कंपनीने दिलेला तापमानाचा काटा हलेपर्यंत इंजिनाचं वाटोळं झालेलं असतं, अप्पा."

"मीटर कोणाला लागतात? ज्याला कान नाहीत त्याला."

हे म्हणायचा त्यांना हक्क होता. लांबलांबून लोक गाड्या आणत आणि आधी उस्तादांना ऐकवत. उस्ताद डोळे मिटून उभे राहत आणि दुखणं कुठे आहे ते नेमकं सांगत. गॅरेजचं नाव झालं होतं ते त्या कानांमुळे. आज तर ते स्वतःवरच खूश होते. "बेल्ट कसा बसवलाय बघ! सुपरचार्जर म्हटलं की शिट्टी आलीच, असं म्हणतात. येतेय का कुठे?"

लेकीने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. इंजिन चालू होतं आणि शिट्टी तिच्या दातांपर्यंत जात होती.

"चढावर एक फेरी मारू," ती एवढंच म्हणाली.

चाचणीच्या फेरीत कुणी बोलायचं नाही, हा उस्तादांचा कायदा. रेडिओ नाही, गप्पा नाहीत, खोकला आला तर दाबायचा. ती शेजारी गुमान बसली. वस्ती मागे पडली, चढ लागला आणि उस्तादांनी पाय दाबला. गाडी अशी उसळली की दोघांच्याही पाठी सीटला चिकटल्या. उस्तादांचा चेहरा खुलला.

चढाच्या मध्यावर ते सुरू झालं. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तशी खडखड. इंजिनात पेट्रोल अवेळी पेटत होतं. आणखी थोडा वेळ असंच चाललं तर पिस्टनला भोक पडणार, हे गॅरेजात झाडू मारणाऱ्यालाही कळलं असतं. तिने वडिलांकडे पाहिलं. ते मान किंचित तिरपी करून, हसऱ्या चेहऱ्याने ऐकत होते. मग त्यांनी पाय आणखी दाबला.

तिला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

"पाय उचला!"

उस्तादांनी गप्प राहा म्हणून बोट वर केलं. तिने वाकून किल्ली फिरवली आणि इंजिनच बंद केलं. गाडीचा जोर ओसरला. उस्तादांनी ती कशीबशी कडेला घेतली आणि हँडब्रेक ओढला.

"डोकं फिरलंय का तुझं?"

"नॉकिंग होतंय, अप्पा. केवढं खडखडत होतं!"

"काहीच्या काही. मला कसं ऐकू..." ते थांबले.

"शिट्टीही येतेय. बेल्ट बसवला तेव्हापासून येतेय."

उस्तादांनी स्टिअरिंगवरचा हात कानाला लावला. बारीक, चिरके आवाज तेवढे गेले होते. जाड आवाज येत होते, म्हणून इतके दिवस त्यांना पत्ताच लागला नव्हता.

"मीटर समोरच्या खणात बसवते," लेक म्हणाली. "झाकण लावलं की कुणाला दिसणार नाहीत."

"लपवून? चोरीचा माल आहे का तो?" उस्ताद एकदम भडकले. "समोर लाव. अगदी नाकासमोर."

तेवढ्यात एक टॅक्सी पुढे जाऊन थांबली. टॅक्सीवाला गॅरेजचं जुनं गिऱ्हाईक. "काय उस्ताद, तुमची गाडी आणि बंद?"

"छे हो, हवा खायला थांबलोय," लेक घाईघाईने म्हणाली.

"हिने बंद पाडली," उस्ताद म्हणाले. "इंजिन नॉक करत होतं. मला ऐकू आलं नाही."

टॅक्सीवाला खो-खो हसला. उस्तादांना ऐकू येत नाही म्हणे! हसत हसतच, इंजिन चालू ठेवून, त्याने आपल्या टॅक्सीचं बोनेट उघडलं. "बरे भेटलात. सकाळपासून आत काहीतरी किरकिरतंय. जरा कान द्या ना."

उस्तादांनी नुसती मान डोलवून 'उद्या घेऊन ये' म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पण ते उतरले, टॅक्सीपर्यंत गेले आणि मागे वळले.

"ये इकडे," त्यांनी लेकीला हाक मारली.

टॅक्सीवाल्याचं हसू आटलं. "तुम्हीच ऐका हो. तिला काय कळतंय त्यातलं?"

"मी ऐकलं तर इंजिन जाईल तुझं. कान गेलेत माझे. जा, स्टँडवर सगळ्यांना सांग. आणि हेही सांग, की उस्तादांच्या गाडीला मीटर बसतायत. चांगले ठसठशीत."

"अहो पण उस्ताद, गेली कित्येक वर्षं..."

लेक बोनेटखाली वाकली होती. उस्तादांनी टॅक्सीवाल्याच्या छातीवर हात ठेवून त्याला मागे सारलं.

"गप्प राहा," ते म्हणाले. "ती ऐकतेय."