दगडावरचा ओरखडा

"लांडग्याएवढं! अख्ख्या लांडग्याएवढं पाणमांजर!" लेकीनं दोन्ही हात असे काही फाकवले की शेजारच्या मैत्रिणीचा चष्माच उडायचा. "लाखो वर्षांपूर्वी नदीत राहायचं. आणि खायचं काय? शिंपले! कवचासकट, कडाकड! हे शोधलं कुणी? माझ्या आईनं!"

सगळा वर्ग आईच्या प्रयोगशाळेत दाटीवाटीनं उभा होता. टेबलावर दगडात अर्धा रुतलेला जबडा होता. त्याची दाढ भिंगाखालून भिंतीवरच्या पडद्यावर ही एवढी मोठी दिसत होती, आणि दाढेवर ओरखडे. शिंपले फोडून फोडून पडलेले. आईचा अख्खा शोधनिबंध त्या ओरखड्यांवर उभा होता. उद्या जबडा संग्रहालयात काचेमागे जाणार होता. आई बाजूला उभी राहून गालातल्या गालात हसत होती.

"काकू," मागून एक किडकिडीत मुलगा म्हणाला, "ती लांब रेघ तर दाढ सोडून दगडावर पण गेलीये. त्यानं दगड पण खाल्ला का?"

वर्ग खो खो हसला.

आईनं पडद्याकडे पाहिलं. रेघ दाढेवरून सरळ दगडावर उतरली होती, मध्ये कुठेही न तुटता. दगड तर प्राणी मेल्यावर दाढेभोवती जमला होता. त्याला शिंपला कसा ओरबाडणार? ओरबाडणार ती दगड खरवडायची सुई. आणि जबडा दगडातून मोकळा करताना ती सुई महिनोन्महिने तिच्याच हातात होती. तिनं बाकीच्या रेघा पाहिल्या. सगळ्या तेवढ्याच जाडीच्या.

"ए शहाण्या," लेक उसळली, "तडा आहे तो! माझ्या आईला कळत नाही आणि तुला कळतं होय? हो ना गं आई?"

तिनं वळून पाहिलं. आईचे कान लालबुंद झाले होते. लेकीचं हसू तोंडातच अडकलं.

आईनं हात पुढे करून भिंगाखालचा दिवा बंद केला.

"हो," ती म्हणाली. "तडाच आहे."

"घे! अजून विचार!" कुणीतरी त्या मुलाच्या पाठीत धपाटा घातला. लेक मात्र खाली मान घालून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

मुलगा ओशाळून पुढे आला. "सॉरी हं काकू. मी आपलं उगाच काहीतरी बोललो."

"असू दे रे बाळा," आई म्हणाली.