दाराशी पडलेलं पोतं

अलार्म केव्हाचा कोकलत होता, पण अग्निशमन दलातला ‘पैलवान’ अंथरूण सोडेना. गेल्या महिन्यात धुराने भरलेल्या जिन्यात बेशुद्ध सोबत्याला खांद्यावर घेऊन उतरताना त्याचे गुडघे लटपटले आणि सोबती पायऱ्यांवर आदळला. त्यानंतर सरावासाठी आणलेलं वाळूचं पोतं दाराशी तसंच पडून होतं. “पोतं काय आपणहून खांद्यावर चढणार आहे?” बायको रोज पहाटे करवादायची. आज दार वाजलं. बाहेर तोच सोबती उभा, एक हात गळ्यात बांधलेला. सोबत्याने पोतं पायाने बाजूला सारलं. “वाळूला जिवाची भीती नसते. मला उचल.” “पुन्हा पाडलं तर?” “अजून एक हात शाबूत आहे.” पैलवानाने त्याला खांद्यावर घेतलं. घराबाहेरचा जिना उतरताना पहिल्याच पायरीला सोबत्याची मूठ त्याच्या सदऱ्यात घट्ट रुतली. गुडघे थरथरले, टिकले. जिना संपेपर्यंत मूठ सैलावली होती.