बेचाळीस आणि बेचाळीस

“वरच्या आळीचे म्हाळूआबा यांचा सत्कार…” माईकवाल्यानं नाव घेतलं मात्र, खालच्या आळीच्या खुर्च्यांतून एक जण ताडकन उठला. “आमच्या आधी त्यांना टोपी? चला, आपलं काय काम न्हाई हितं!” तो तरातरा मांडवाबाहेर गेला. पाठोपाठ म्हाळूआबाही नवी टोपी सावरत उठले. बाहेर जाऊन तो कुणाचे कान भरतोय, हे बघायला नको? त्यांच्या खिशात सुपारीचा अडकित्ता होता. तोही गेला.

ही एकतिसावी जोडी. हौसरावांच्या तोंडचं पाणी पळालं. आज लेकीची, सृष्टीची सुपारी फुटायची होती. दौंडहून पाव्हणे येऊन बसले होते आणि शिरूर तालुक्यातलं हे थोर गाव जोडीजोडीनं मांडवातून नाहीसं होत होतं.

खरं तर हौसरावांनी काही कसर ठेवली नव्हती. गावात दोन आळ्या, सोसायटीच्या निवडणुकीपासून एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या. म्हणून त्यांनी आमंत्रणाची यादी सोनाराच्या काट्यावर तोलल्यासारखी केली. वरचे बेचाळीस, खालचे बेचाळीस. इकडचा एक चेअरमन, तर तिकडचा एक माजी चेअरमन. हौसराव एका बाजूला झुकला, असं कुणी म्हणता कामा नये.

सृष्टी दौंडच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायची. यादी बघून ती तेव्हाच हसली होती.

“आप्पा, विश्वाची सुरुवात अशीच झाली. द्रव्य आन् प्रतिद्रव्य, जवळजवळ सारखंच. एकमेकांना भेटले की दोघंबी खलास, मागं नुसता उजेड. अगदी सारखं असतं तर काहीच राहिलं नसतं. पण अब्जभर जोड्यांमागं एक कण जास्तीचा निघाला. तेवढ्यातनं हे सगळं झालं. चांदण्या, घोडनदी, तुम्ही-आम्ही.”

“आन् तो जास्तीचा आला कुठनं?”

“ते अजून कुणालाच नीट उमगलं न्हाई.”

“मग तुमच्या विश्वाची यादी करणारा कच्चा असणार,” हौसराव मिशीत हसले होते. “माझ्या यादीत एकबी जास्तीचा घावायचा न्हाई.”

घावला नाही. बेचाळिसावी जोडी गेली आणि मुलीकडच्या बाजूला नुसत्या खुर्च्या उरल्या. माईकवाला पुढचं नाव शोधत राहिला.

मुलाचे वडील मारुतराव उठले. माणूस वाईट नव्हता, पण रीतीचा पक्का. “हौसराव, मुलीकडनं बापाशिवाय एक तरी जाणतं माणूस सुपारीला बसाया लागतं. जिच्यामागं गावातलं एक माणूस उभं राहात न्हाई, तिची सोयरीक कशी करायची? येतो आम्ही.” त्यांनी एक पाय चपलेत घातलाही. सृष्टीचे डोळे भरून आले.

तेवढ्यात चुलीकडचा पडदा बाजूला झाला. लसणाचा वास आला आणि मागून हौसरावांची थोरली बहीण, रंगुबाई. सृष्टीची आई गेली तेव्हा सृष्टी दोन वर्षांची होती. तिला न्हाऊमाखू घालून, शाळेत पोचवून हिनंच वाढवली. पण रंगुबाई विधवा. शुभकार्यात तिनं पुढं यायचं नाही, म्हणून सकाळपासून ती पडद्याआड लसूण कुटत होती. तिचं नाव यादीत नव्हतं. ते लिहायचं असतं, हेच कुणाला सुचलं नव्हतं.

ती सरळ येऊन मारुतरावांसमोर, सुपारीच्या ताटापाशी सतरंजीवर बसली. हातात बत्ता तसाच.

“आक्का, तू हितं कशी…” हौसराव पुटपुटले. सृष्टीनं त्यांचा हात दाबून धरला.

“गप बसा आप्पा. तुमच्या यादीबाहेर एक जास्तीचं निघालं.”

मारुतरावांनी चपलेतला पाय बाहेर काढला. पण सकाळपासून जे पाहिलं होतं, त्यानं त्यांची हिंमत होईना. त्यांनी जपूनच विचारलं, “आक्का, तुम्ही कंच्या आळीच्या?”

“मी पोरीची,” रंगुबाई म्हणाली, आणि बत्त्याच्या एका घावात तिनं सुपारी फोडली.