उलट टपाली

पोस्टात त्वचेच्या कॅन्सरची मोफत तपासणी होती. “तीस वर्षं उन्हात पत्रं वाटली, मला काय धाड भरलीय?” पोस्टमन कुरकुरतच रांगेत उभा राहिला. नुसते हात दाखवून सटकायचा त्याचा बेत होता. पण डॉक्टरीणबाईंनी शर्ट काढायला लावला आणि पाठ बघून त्या हसल्या. “घरून चिठ्ठी आलीय.” सकाळी खाजवून देता देता बायकोनं पाठीवर पेनानं लिहिलं होतं: “कमरेवरचा तीळ वाढलाय. हे स्वतः सांगायचे नाहीत.” पोस्टमन ओशाळला आणि घाबरलाही. बाईंनी भिंगातून तीळ निरखून पाहिला. “काढावा लागेल, पण वेळेत आलात.” “हे खाली लिहून द्या,” तो म्हणाला, “माझ्या सांगण्यावर तिचा विश्वास बसणार नाही.” घरी पोचताच त्यानं शर्ट काढून तिच्याकडे पाठ केली. बायकोनं उत्तर दोनदा वाचलं. “झालं वाचून? मग आता खरंच खाजव.”