आई उठेना

जुन्या, गंजलेल्या गॅसलाइनचं वेल्डिंग गॅस बंद न करताच उरकायचं, असं साहेबांनी ठरवलं आणि गल्लीतली सगळी घरं रिकामी करवली. एकच बाई उंबऱ्यावर ठाण मांडून बसली; खड्ड्यात उतरलेल्या वेल्डरची आई.

"आई, ऊठ! इथे धोका आहे."

"मग तूही वर ये."

"माझं कामच आहे गं ते."

"आणि तू माझा कोण आहेस?"

कुणी इतक्या जवळ बसलेलं असताना ठिणगी पाडता येईना. शेवटी साहेबांनी हात टेकले आणि गॅस बंद करून लाइन रिकामी करवली.

काम सुखरूप पार पडलं. वेल्डर वर आला आणि हसत म्हणाला, "जराही घाबरत कशी नाहीस गं तू?"

उठण्यासाठी आईने हात पुढे केला. त्याने तो धरला. हात घामाने चिंब होता, आणि अजून थरथरत होता.