राक्षसाचे डोळे

“एवढं सैन्य तू एकटीने रंगवलंस? आजोबांनी मदत केली ना?” परीक्षकाने विचारलं. पटावर लढवायचे मिहिकाचे बोटभर उंचीचे राक्षस टेबलावर भाले रोखून उभे होते. दुसऱ्याचा हात लागलेलं सैन्य मुलांच्या स्पर्धेतून बाद होत असे.

“मी फक्त शिकवलं,” तिचे आबा म्हणाले. पण चित्रकलेच्या निवृत्त मास्तरांवर विश्वास कोण ठेवणार?

परीक्षकाने एक कोरा राक्षस पुढे ठेवला. “याचे डोळे रंगव बघू.”

मोहरीहून लहान डोळे! आबांचा हात आपसूक ब्रशकडे गेला. तो हात त्यांनी पाठीमागे घट्ट धरला.

मिहिकाने रंगात थेंबभर पाणी घातलं, नखावर रेघ ओढून पाहिली, दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवली आणि श्वास रोखला. आधी पांढरा ठिपका, त्यावर काळा. राक्षसाने एक डोळा वटारला.

“बास, पटलं मला,” परीक्षक हसला.

“थांबा हो दादा,” मान वर न करता ती म्हणाली, “एका डोळ्याने लढेल कसा तो?”

आबांनी शेजारच्या अनोळखी माणसाला कोपराने ढोसलं. “नात आहे माझी!”